मूल अजून बोलत नाही: थांबायचं की दाखवायचं?

निंबोणी

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या आयांनी मला खासगी निरोपातून विचारला. मूल दोन वर्षांचं होत आलं, बोलत नाही, घरातले म्हणतात थांब, मन म्हणतं दाखव. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा धागा काढते, म्हणजे ज्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं त्यांनाही भर घालता येईल. माझा मुलगा तिसरीत आहे. चालणं, बोलणं, हाताने जेवणं, सगळंच त्याला उशिरा आलं, काही अजून यायचंय. मी डॉक्टर नाही, पण या वाटेने बरीच वर्षं चालते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. शंका आली की दाखवा, आणि निदानाच्या कागदाची वाट न बघता मदत सुरू करा. "तीन वर्षांचा होऊ दे, मग बघू" म्हणता म्हणता जे महिने जातात, ते मेंदूच्या सगळ्यात वेगवान वाढीचे असतात. दाखवल्यावर सगळं ठीक निघालं तर आनंदच आहे.

शब्द किती येतात ते सगळेच मोजतात. त्याच्याही आधीच्या गोष्टी बघा. वर्षाच्या आसपास नावाने हाक मारली की मूल वळतं का? हवं ते बोटाने दाखवतं का? आणि नुसतं हवंय म्हणून नाही, तर खिडकीत कावळा आला म्हणून बोट करून तुमच्या तोंडाकडे बघतं का, "तूही बघ" अशा नजरेने? टाटा करणं, नको म्हणून मान हलवणं, तुमची नक्कल करणं, हे सगळं शब्दांच्या आधीचं बोलणं आहे. साधारण १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, २४ महिन्यांपर्यंत "बाबा गेले", "दूध दे" असे दोन शब्द स्वतःहून जोडले जात नाहीत, तर दाखवायचंच. आणि येत असलेले शब्द, नजर देणं, हसून प्रतिसाद देणं यातलं काहीही, कुठल्याही वयात, मागे गेलं तर अजिबात थांबू नका.

पहिली तपासणी कानांची. "त्याला ऐकू येतं, कुकरची शिट्टी झाली की दचकतो" एवढ्यावर विसंबू नका. मोठे, जाड आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही 'स', 'श', 'फ' असे बारीक आवाज निसटत असू शकतात. वारंवार सर्दी होऊन मध्यकर्णात पाणी साठलं तर ऐकणं कमीजास्त होत राहतं. बेरा आणि ओएई या ऐकण्याच्या तपासण्यांत मुलाने काही सांगावं लागत नाही, त्यामुळे अगदी तान्ह्या बाळाच्याही होतात.

खानदेशी सून

ताई, तुम्हाला निरोप पाठवणाऱ्यांतली मीही एक. मुलगा २२ महिन्यांचा आहे. मम्, बाबा, दादाला दा आणि कुत्र्याला भू, एवढंच बोलतो. काही हवं असलं की माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो, बोट दाखवत नाही. सासूबाई म्हणतात, याचे पप्पा चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, आज बघ कसे भांडतात. त्या रोज वेखंड उगाळून मधातून त्याच्या जिभेला लावतात. शेजारच्या काकू म्हणतात जिभेची तार कापून आणा. सासूबाईंची माया खरी आहे हो, त्यांना तोडून बोलवत नाही.

निंबोणी

तोडून बोलायची गरजच नाही, त्यांना बरोबर घेऊन जा. डॉक्टरांसमोर आजीने सांगितलेल्या गोष्टी फार कामाच्या असतात, दिवसभर मूल त्यांच्याजवळच असतं.

वेखंडाने बोलणं येत नाही आणि लहान मुलांना त्याने उलट्या होऊ शकतात. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाही, त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. जिभेची तार आखूड असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना अडचण येते. शब्दच न येण्याचं ते कारण नसतं.

पप्पा उशिरा बोलले ही गोष्ट मात्र डॉक्टरांना नक्की सांगा. घराण्यात उशिरा बोलण्याचा इतिहास असेल तर मूल लवकर दाखवायचं ते आणखी एक कारण झालं. घरातले तोच इतिहास थांबण्यासाठी सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिते. आणि बोट न दाखवता हात धरून नेणं, हे मी सांगितलेल्या यादीतलंच आहे. या महिन्यातच दाखवा.

जुना मास्तर

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. सर्व आयांविषयी आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या वर्गात उशिरा बोलणारी, उशिरा वाचणारी पुष्कळ मुलं आली आणि बहुतेक पुढे मार्गी लागली. प्रत्येक लेकराची आपली गती असते. हल्ली आईबाप तक्ते बघून घाबरतात, आणि एकदा "मंद", "ऑटिस्टिक" (स्वमग्न) असा शिक्का बसला की गाव तो पुसू देत नाही. शिक्क्याने मोडलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून म्हणतो, घाई नको.

शब्दवेल

मास्तर, नमस्कार. मी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणं शिकवणारी आहे. शिक्क्याची तुमची काळजी खरी आहे आणि ती आम्ही मनावर घेतलीच पाहिजे. गतीबद्दलही तुम्ही बरोबर आहात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एकट्याने चालण्याचं वय ८ महिन्यांपासून साधारण साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं दिसलं. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारं बाळ हुशार आणि पंधराव्या महिन्यातलं मागे, असं काही नाही. पण त्या पसाऱ्याला शेवट आहे. १८ महिने झाले तरी मूल एकटं चालत नसेल तर कारण शोधायचं.

बोलण्याचंही तसंच. दोन वर्षांना कमी बोलणाऱ्या मुलांपैकी बरीच पुढे आपोआप इतरांना गाठतात. अडचण अशी की आपल्या समोरचं मूल त्यांतलं आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. समज चांगली असेल, हातवारे भरपूर असतील, दुसऱ्या मुलांकडे ओढ असेल, तर आशा जास्त. हे तिन्ही कमी असेल तर वाट बघणं मुलाला महागात पडतं. तपासणी म्हणजे शिक्का नाही. तीन वर्षांच्या आत आम्ही पुष्कळदा कागदावर नुसतं "विकासात उशीर" लिहितो आणि कामाला लागतो. तुमच्या वर्गात पोचलेली मुलं तुम्ही पाहिलीत, मास्तर. जी शाळेपर्यंत आलीच नाहीत, ती आमच्याकडे फार उशिरा येतात.

जुना मास्तर

हे शेवटचं वाक्य पटलं. आमच्या गावात अशी घरं होती, मुलाला शाळेतच घातलं नाही. ते मी धरलं नव्हतं. घरी काय करायचं तेही लिहा, नात येत्या महिन्यात दीड वर्षाची होईल.

शब्दवेल

लिहिते. आधी काय करू नये ते. दिवसभर "हे काय? ते काय? आई म्हण, काऊ म्हण" अशी परीक्षा घेऊ नका. बोलता न येणाऱ्या मुलाला ती दडपण वाटते आणि ते आणखी मिटतं. फ्लॅशकार्डं दाखवून पाठ करून घेतलेली फळांची इंग्रजी नावं म्हणजे भाषा नव्हे. तहान लागल्यावर पाणी मागता येणं, ही भाषा.

जमिनीवर बसा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. ते जे बघतंय त्याबद्दल बोला, आपण जे शिकवायचं ठरवलंय त्याबद्दल नाही. ते गाडीचं चाक फिरवत बसलं असेल तर गाडी काढून घेऊन पुस्तक पुढे करू नका. तुम्हीही चाक फिरवा आणि म्हणा, "फिरलं! भरभर!" ते एक शब्द बोललं तर तुम्ही दोन बोला. "पानी" म्हणालं तर "गार पानी", "पानी सांडलं". उच्चार सुधारत बसू नका, फक्त नीट म्हणून दाखवा.

आणि थांबा. आईबाबांना सगळ्यात अवघड जातं ते हेच. वाटीत एकच चुरमुरा द्या आणि मनात हळूहळू दहा अंक मोजत त्याच्याकडे बघत राहा. नजर आली, हात आला, "अं" आलं, काहीही आलं की लगेच द्या. पदराआड तोंड लपवून "कुक" म्हणायच्या आधी थांबा. रोजच्या बडबडगीताचा शेवटचा शब्द सोडून द्या. मुलाच्या मेंदूला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपण तो द्यायच्या आधीच उत्तर देऊन मोकळे होतो.

वेगळा "थेरपीचा तास" घरी काढायची गरज नाही. आंघोळ, मटार सोलणं, कपडे वाळत घालणं, देवापुढे दिवा लावणं, यांत रोज तेच शब्द त्याच क्रमाने येतात. मुलाला शिकायला असंच ठरलेलं काहीतरी लागतं.

मोबाइलबद्दल विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचना अशा आहेत: दोन वर्षांखाली पडदा नाही, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षं दिवसाला एका तासाच्या आत, तेही मोठं माणूस शेजारी बसून. पडदा बघून झालेला ऑटिझम (स्वमग्नता) अशा अर्थाने "व्हर्च्युअल ऑटिझम" हा शब्द फिरतो, पण ते मान्यताप्राप्त निदान नाही. मोबाइल बंद करा, जरूर करा. पण "मोबाइलमुळेच झालंय, बंद केला की बोलेल" म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. आणि आईला त्यावरून गुन्हेगार ठरवू नका.

दूरदेशी

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी अडीच वर्षांची. पाळणाघरातून सांगितलं की घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांमुळे ती गोंधळते. आम्ही मराठी बोलणं जवळजवळ थांबवलं आहे. बायकोला ते फार लागलं, कारण तिची आई फक्त मराठीच बोलते. हा सल्ला योग्य आहे का?

शब्दवेल

नाही. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. ऑटिझम असलेली किंवा डाऊन सिंड्रोम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. जी भाषा तुमच्या तोंडी न अडखळता येते, जिच्यात तुम्ही लाड करता, रागावता, गाणी म्हणता, तीच मुलाला भरपूर ऐकू द्या. तुटक इंग्रजी ऐकवण्यापेक्षा भरभरून मराठी कितीतरी चांगली. आजीचा फोन आजच सुरू करा.

हे पुण्या-मुंबईतल्या पालकांसाठीही आहे. इंग्रजी शाळेत घालायचंय म्हणून आईने दोन वर्षांच्या मुलाशी घरात पाठ केलेल्या इंग्रजीत बोलणं, हे मी आठवड्यातून कितीदा तरी बघते.

तुमच्याकडे एक मोठी सोय आहे. अमेरिकेत आयडिया या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याच्या 'पार्ट सी'खाली तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे लवकर मदतीची सेवा असते. पालक स्वतः फोन करून नाव नोंदवू शकतात आणि मूल्यमापनाला पैसे पडत नाहीत. मुलगी अडीच वर्षांची आहे म्हणजे हातात थोडेच महिने आहेत, तीन वर्षांनंतर काम शाळेच्या यंत्रणेकडे जातं. मूल्यमापन दोन्ही भाषांत व्हावं असा आग्रह धरा.

दूरदेशी

मनापासून आभार. सोमवारी फोन करतो. बायकोला हे वाचून दाखवलं, ती लगेच आईला फोन लावायला उठली.

पंचगंगा

बोलण्याबद्दल चाललंय, मी चालण्याबद्दल लिहू का? आमच्या जुळ्या मुली आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच झाल्या, बरेच दिवस काचेत होत्या. एक सगळं वेळेवर करते. दुसरी दहा महिन्यांची आहे, अजून आधाराशिवाय बसत नाही आणि सगळं उजव्या हातानेच घेते. डावी मूठ मिटलेली असते. घरी म्हणतात उजवा हात चांगला चालतोय, छानच आहे. नणंदेने वॉकर आणून दिला.

ओटी_मावशी

पंचगंगा, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना हातांची, रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते. तुमच्यासाठीच लॉगिन केलं. नववा महिना पूर्ण व्हायच्या दीडदोन महिने आधी बाळ आलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय मोजताना ते दीडदोन महिने वजा करायचे. याला सुधारित वय म्हणतात. त्या हिशोबाने बसायला अजून थोडा अवधी आहे. पण हाताचं मी सोडणार नाही. मूल डावखुरं की उजवं, हे वर्षाच्या आत ठरत नसतं. इतक्या लवकर एकच हात वापरणं आणि दुसरी मूठ मिटलेली राहणं, याचा अर्थ दुसऱ्या बाजूला काहीतरी अडतंय. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींत येणाऱ्या अडचणीची, ती एक सुरुवातीची खूण असू शकते. घाबरवत नाही, पण बालरोगतज्ज्ञांना या आठवड्यात दाखवा आणि मूठ मिटलेली असते हे आपणहून सांगा. तपासताना बाळ रडत असतं, ते निसटू शकतं. पायांना हात लावल्यावर ते कडक लागतात का, मांड्या कात्रीसारख्या जवळ येतात का, तेही बघून जा.

वॉकर माळ्यावर टाका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट बाळं त्यातून जिन्यावरून पडतात. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. जमिनीवर सतरंजी आणि समोर तुम्ही, एवढं साधन पुरे. खेळणं तिच्या डाव्या बाजूला ठेवत जा.

आणि कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा तपासला होता ना? नसेल तर तेही लगेच.

पंचगंगा

डोळे तपासले होते, ठीक आहेत. मुठीचं आजवर कोणी विचारलं नव्हतं. उद्याच जातो आम्ही.

पाटीपेन्सिल

मी अंगणवाडी सेविका आहे. इथे सगळे शहरातल्या थेरपीबद्दल लिहितात, एका तासाचे पैसे ऐकून आमच्या गावची माणसं उठून जातील. म्हणून सरकारी सोय सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि तो सुरू झाला आपल्याच पालघरमधून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर, असं सगळं बघतात. शंका वाटली की जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे लवकर मदत देणाऱ्या केंद्राकडे पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कान तपासणारे, बोलणं शिकवणारे, विशेष शिक्षक असे एका जागी मिळावेत अशी रचना आहे. उपचार मोफत.

सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात, हे मला रोज दिसतं. तरी जा. पथक येण्याची वाटही बघायची नाही, सेविकेला किंवा आशाताईला सांगून थेट जिल्हा रुग्णालयात जाता येतं. आणि माता-बाल संरक्षण कार्ड नुसतं लसीसाठी नाही. त्यात कोणत्या महिन्यात बाळाने काय करावं त्याची चित्रं आहेत. आया ते पान उलटून बघत नाहीत, म्हणून मी वजनाच्या दिवशी मुद्दाम उघडून दाखवते.

मांडवीकाठ

पाटीपेन्सिल, तुमच्या मुद्द्याला जोडून. थेरपी फक्त मोठ्या तज्ज्ञाच्या खोलीतच होते असं नाही. आमच्या गोव्यातल्या संगात संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीबरोबर ऑटिझम असलेल्या लहान मुलांवर एक चाचणी केली होती, ती २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईबाबांना मुलाच्या लयीत खेळायला शिकवलं. त्यातून आईबाबांचे प्रतिसाद मुलाशी जुळू लागले आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. शब्दवेल यांनी वर लिहिलंय, त्याच वळणाचं काम. गावातल्या आईलाही हे जमू शकतं, एवढ्यासाठी लिहिलं.

खानदेशी सून

एक भीती वाटते. फेसबुकवर स्टेम सेलची (शरीरात मूळपेशी सोडण्याच्या उपचाराची) जाहिरात सारखी येते, "ऑटिझम बरा होतो" म्हणून. पप्पा म्हणतात शेत विकू पण करू.

निंबोणी

शेत विकू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की रक्ताशी संबंधित काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, ते संशोधन आहे. आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. "बरा करतो" आणि "आगाऊ भरा" हे दोन शब्द एकत्र आले की उठून या. शिवाय मुलाचं निदान अजून झालेलंच नाही. ऑटिझम आहे हे आत्ताच धरून बसू नका.

हिशोबनीस

कागदपत्रांचं मी लिहितो, माझी मुलगी बौद्धिक दिव्यांग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझमही आहे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. प्रमाणपत्राचा अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) सरकारी संकेतस्थळावर. लहान मुलांना ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, नंतर फेरतपासणी होते, तेव्हा "कायमचा शिक्का" ही भीती धरू नका. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्वासाठी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं येतात, २०१२ च्या दुरुस्तीपासून. शाळा "आमच्याकडे सोय नाही" म्हणाली तर ते लेखी मागा.

बोलका मुका

वाचत होतो, आज लिहितो. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, शब्द नाहीत. आम्हाला "चित्रं दाखवून बोलायला शिकवलं तर तोंडाने बोलायचा कंटाळा करेल" असं सांगण्यात आलं होतं. त्याने तसं झालं नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं चित्रांचं ॲप आहे, फुकट आहे. आधी आम्ही कागदावरच चित्रं चिकटवली होती: पाणी, शू, बाहेर, नको, दुखतंय. "दुखतंय" या चित्राने आमच्या घरातलं रडणं अर्ध्यावर आलं. मारणं, चावणंही कमी झालं. बिचाऱ्याला सांगता येत नव्हतं म्हणून तो चावत होता. शब्द येवोत न येवोत, मुलाला "नको" म्हणण्याचा मार्ग लवकर द्या.

शब्दवेल

अगदी. चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही, अनेकदा त्याला हातभारच लागतो. हे माझ्या क्षेत्रातल्या सगळ्यांनी सांगायला हवं.

खानदेशी सून

सासूबाई यायला तयार झाल्या. मास्तरांचं आणि शब्दवेल ताईंचं बोलणं त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी मास्तरांचं दोनदा वाचायला लावलं. जिल्हा रुग्णालयात बेराची तारीख गुरुवारची मिळाली आहे. जाताना काय न्यायचं?

ओटी_मावशी

जन्माच्या वेळचे कागद: वजन, किती आठवड्यांना झाला, लगेच रडला का, कावीळ झाली होती का, काचेत होता का. लसीचं कार्ड. घरात खेळताना, जेवताना, दादाबरोबर असतानाचे दोनतीन मिनिटांचे साधे व्हिडिओ काढून ठेवा, अनोळखी खोलीत मुलं गप्प होतात. काय येत नाही त्याबरोबर काय येतं तेही लिहून न्या.

बेरा झोपेत करतात. म्हणून त्या दिवशी पहाटे लवकर उठवा आणि वाटेत गाडीत झोपू देऊ नका, सासूबाईंना त्याच कामाला लावा. झोपेचं औषध द्यावं लागलं तर पोट किती वेळ रिकामं ठेवायचं ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. सर्दी असेल तर तेही सांगा, कदाचित मध्यकर्णाची तपासणी आधी करतील. रिपोर्ट नॉर्मल आला तरी तिथून घरी निघू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे विकासाच्या तपासणीसाठी नाव नोंदवून या.